नदी सांगंल ती शीव

एका सपाट मुलखात एक नदी राहत होती आणि तिला सरळ चालणं ठाऊक नव्हतं. डोंगरात होती तोवर पळाली, पण सपाटीला लागल्यावर तिचा जीव रमायला लागला. कधी डावीकडे वळून कुणाचा ऊस बघून यायची, कधी उजवीकडे वळून कुणाच्या देवळाची पायरी ओली करून यायची. तिला कुणी घाई केलेली नव्हती.

वाकडं चालणाऱ्या नदीची एक खोड असते. वळणावर तिचं पाणी बाहेरच्या बाजूनं जोरात धावतं आणि आतल्या बाजूनं रेंगाळतं. धावतं तिथं ती काठ पोखरते, रेंगाळतं तिथं आणलेला गाळ खाली ठेवते. एका काठाचं घ्यायचं आणि दुसऱ्या काठाला द्यायचं, असं दरसाल चालतं आणि वळण आणखी आणखी वाकडं होत जातं. तिच्या मनात त्यात वाईट काही नसतं. पण ज्याचा काठ गेला त्याला हे समजावून सांगायला जाऊ नये, तो ऐकून घेत नाही.

या नदीच्या एका मोठ्या वळणावर दोन गावं होती. वळणाच्या आतलं मळेगाव आणि वळणाच्या बाहेरची दरडवाडी.

मळेगावची घरं उंचावर, पाण्यापासून लांब होती. त्यांची शेतजमीन मात्र पुढे वळणात शिरलेली होती आणि तिच्या तिन्ही बाजूंनी नदी फिरलेली होती. आडव्या ठेवलेल्या घागरीसारखा त्या जमिनीचा आकार होता. गावाकडे अरुंद गळा, पुढे फुगलेलं पोट आणि थेट दरडवाडीसमोर बूड. लोक त्या जमिनीला घागरच म्हणायचे. गळ्यातून बैलगाडीची वाट जायची आणि पोटात गेलं की वांगी, कांदा, भुईमूग, सगळं बघून घ्यावं असं पिकायचं.

दरडवाडी बुडाच्या समोर पलीकडच्या काठावर होती. तिथं पाणी धावायचं, म्हणून काठ खचायचा. दरडवाडीची माती नदीत पडायची आणि घागरीचं बूड दरसाल थोडं पुढे सरकायचं.

फार वर्षांपूर्वी शिवेवरून या दोन गावांची डोकी फुटायची. मग दोन्हीकडची जुनी माणसं एकत्र बसली आणि त्यांनी एक शपथ घेतली. नदी हीच दोघांची शीव. ती सरकेल तशी शीव सरकेल, कुणी तक्रार करायची नाही.

या शपथेचा एक रिवाज होता. दसऱ्याला शिलंगणासाठी दोन्ही गावं आपापल्या काठावर यायची. पावसाळा संपलेला असायचा आणि नदीनं काय नेलं, काय दिलं ते उघडं पडलेलं असायचं. बैलाचा लांब कासरा जमिनीवर टाकून वाढलेली जमीन मोजायची. मग ज्या गावाची जमीन वाढली, त्या गावातलं सगळ्यांत वयस्कर माणूस नव्या मातीवर उजवा पाय ठेवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "नदी सांगंल ती शीव."

समोरून दुसरं गाव म्हणायचं, "शीव."

एवढं झालं की शीव पक्की. हे बोलणं झाल्याशिवाय मात्र ती पक्की धरायची नाही. त्यानंतर होडी निघायची आणि आपट्याची पानं या हातातून त्या हातात जायची.

शपथेत खोट काढायला जागा नव्हती. फक्त नदी दरसाल एकाच गावाच्या बाजूनं बोलायची. मळेगावातले सगळ्यांत वयस्कर म्हणजे तिथले पाटील, आणि त्यांनी इतक्या वेळा नव्या मातीवर पाय ठेवला होता की त्यांना आता ते वाक्य म्हणताना आवाजही चढवावा लागत नसे. समोरून दरडवाडी "शीव" म्हणायची आणि घरी जाऊन आपसात कुरकुरायची.

दरडवाडीत बयजा नावाची एक म्हातारी होती. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या दारापासून नदी तेरा कासरे लांब होती. दारात उभं राहिलं की समोर मळेगावच्या देवळाचा कळस बरोबर डोंगराच्या खिंडीत बसलेला दिसायचा, आणि उजवीकडे माळावरचे दोन उंच खडक एकामागं एक येऊन एकच दिसायचे. चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता ती हेच बघायची. नवी नवरी होती, परक्या गावात ओळखीचं म्हणून आधी तेवढंच झालं होतं.

मग काठ दारापाशी आला. घर सोडावं लागलं. मागं नवं घर बांधलं, काही वर्षांनी तेही गेलं. आणखी मागं तिसरं बांधलं. दर वेळी घरातलं सामान माणसं न्यायची, पण चुलीचे तीन दगड बयजा स्वतः पाटीत घालून डोक्यावर घ्यायची. सासूनं दिलेले काळे दगड होते ते. दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मध्ये कधीतरी तिचा नवराही गेला. पोरबाळ नव्हतं. तिसऱ्या घरासमोर तिनं एक शेवगा लावला आणि त्याच्याशीच ती बोलायची.

एका पावसाळ्यात तिसरं घरही खचलं, शेवग्यासकट. बयजा तीन दगड डोक्यावर घेऊन देवळाच्या पडवीत राहायला गेली. शेत तर कधीच गेलं होतं.

त्या साली शिलंगणाला तिनं एक धाडस केलं. पाटील पाय ठेवायला निघाले तशी ती होडीत बसून पलीकडे आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पाटील, ह्या बुडाला जी माती आलीया ती माझ्याच परसातली हाय," ती म्हणाली. "मला ओळखू येती. त्यातली एक पट्टी मला कसाया द्या. माझं काय ऱ्हायलंय आता, चार वर्सं."

पाटील मनानं दुष्ट नव्हते. पण ज्याचं कधी काही गेलेलं नाही, त्याला नियम फार आवडतो.

"बयजाबाई, नदीला आम्ही बोलावलं का?" ते म्हणाले. "आज तुम्हाला पट्टी दिली, उद्या दुसरा मागंल. शपथ मोडली तर परत डोकी फुटतील. नदी सांगंल ती शीव."

पलीकडून दरडवाडीचे लोक खाली मान घालून म्हणाले, "शीव." शपथ त्यांचीही होती. बयजा होडीत बसून परत गेली.

घागरीच्या बुडाला एका उंचवट्यावर खोपट बांधून एक तरणं जोडपं राहायचं, केरबा आणि हौसा. बाकीचे मळेकरी गावातून येऊन-जाऊन शेती करायचे, हे दोघंच तिथं वस्तीला होते. त्या दिवशी हौसा पाटलांच्या मागं उभी होती आणि तिनं हे सगळं ऐकलं होतं. तिची मान शरमेनं खाली गेली.

पुढच्या उन्हाळ्यात होडीवाला पडवीत आला आणि त्यानं बयजेसमोर शेवग्याच्या शेंगांची एक पेंढी ठेवली.

"ह्या कुणाच्या?" बयजानं विचारलं.

"त्या खोपटातल्या हौसानं दिल्यात. तुझ्या शेवग्याची फांदी म्हणं त्यांच्या गाळात येऊन रुतली आणि फुटली. तिनं सांगाया सांगितलंय, झाड आमच्या काठाला लागलं असलं तरी ते बयजाआजीचंच हाय, शेंगा आजीला पोचवा."

बयजानं पेंढी उचलून मांडीवर घेतली. मग तिला रडू आलं. इतक्या वर्षांत नदीनं नेलेली एक वस्तू कुणीतरी तिची म्हणाली होती.

त्यानंतर प्रत्येक बहराला शेंगा यायला लागल्या. बदल्यात बयजा कधी मूठभर जवस पाठवायची, कधी हौसाच्या तान्ह्या पोरीसाठी कुंची शिवून पाठवायची. पाण्याच्या या काठावर एक आणि त्या काठावर एक, असा दोघींचा संसार चालला होता.

आता घागरीच्या गळ्याचं सांगायला हवं, कारण तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

बूड वाढत होतं तसा गळा बारीक होत होता. वळणात शिरणारी नदी गळ्याला एका बाजूनं पोखरायची आणि वळून परत येणारी तीच नदी दुसऱ्या बाजूनं पोखरायची. पूर्वी तिथं वीस कासरे जमीन होती. पण ती खडकाळ, काटेरी जागा, तिथं कुणी पेरत नव्हतं. पेरत नव्हतं म्हणून कुणी मोजतही नव्हतं. शिलंगणाला कासरा यायचा तो थेट बुडाला, आणि मोजून झालं की सगळे गाडीत बसून त्याच गळ्यातून गाणी म्हणत घरी जायचे.

हौसाला ते कळलं, कारण ती रोज तिथून पायी जायची. तिनं पाटलांना सांगितलं, "पाटील, गळा फार बारीक झालाय. ह्या अंगाला लुगडं धुवावं आन त्या अंगाच्या काठावर वाळत घालावं, एवढाच ऱ्हायलाय. बांध घाला, न्हाईतर दगड तरी टाका."

पाटील हसले. "अगं, औंदा बूड दोन कासरे वाढलंय. घागर भरती ती बुडापासनं. गळ्याचं काय घिऊन बसलीस?"

आजूबाजूचे चार लोकही हसले. हौसा त्याच गळ्यातून परत मळ्याकडे गेली.

भाद्रपदात नदी भरून आली. सकाळी दिवस कासराभर वर आला असेल तेव्हा गळ्याच्या दोन्ही बाजूंनी माती ढासळायला लागली, आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत इकडचं पाणी तिकडच्या पाण्याला जाऊन मिळालं. नदीला इतकी वर्षं वळसा घालून जावं लागत होतं. आता समोर चार पावलांची वाट दिसली. ती त्या वाटेनं गेली, आणि जाता जाता वाट रुंद करत गेली.

मळेगावचे लोक आपल्या काठावर उभे राहून बघत होते. त्यांची सगळी शेती नदीच्या पलीकडे गेली होती.

केरबा, हौसा आणि पोरगी खोपटात अडकले होते. उंचवट्याच्या चारी बाजूंना पाणी होतं. समोर दरडवाडीच्या काठावर बयजा येऊन बसली ती उठेचना. लोकांनी भाकरी आणून दिली, तिनं ती पदरात तशीच ठेवली. दोन दिवस ती त्या खोपटाच्या शेंड्याकडे बघत बसली.

पण नदीला जवळची वाट सापडल्यामुळे जुन्या वळणातलं पाणी चढता चढता थांबलं आणि मग उतरायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खोपटावर धूर दिसला. चूल पेटली होती. तेव्हा कुठे बयजानं पदरातली शिळी भाकरी मोडली.

पावसाळा सरत आला तसं सगळ्यांना दिसलं की जुन्या वळणातून नदी आता वाहतच नाही. वळणाच्या दोन्ही टोकांना नदीनं स्वतःच वाळू आणि गाळ टाकून दारं लावून घेतली होती. मध्ये राहिलं ते वाकडं, शांत पाणी. इतकी वर्षं नदी त्या वळणानं दरडवाडीचा काठ कापत होती. आता काम झालं म्हणून कुणी विळा खाली ठेवून जावं, तसं ते तळं पडून होतं.

टोकांच्या वाळूवरून आता दरडवाडीचं माणूस पाय न भिजवता घागरीत जाऊ शकत होतं. आणि मळेगावच्या माणसाला स्वतःच्या मळ्यात जायला होडी लागत होती.

हे ध्यानात आलं तशी दरडवाडी जागी झाली. नदी हीच शीव. मग नदीच्या या बाजूला जे काही आहे ते दरडवाडीचं. अख्खी घागर, गळ्यापासून बुडापर्यंत, पिकासकट. लोक एकमेकांच्या घरी जाऊन हे पुन्हा पुन्हा बोलून बघत होते. त्यांची वर्षानुवर्षं गेली होती, त्यांना दोष देता येत नाही.

नव्या मातीवर पाय ठेवायचा मान गावातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाचा. दरडवाडीत आता सगळ्यांत वयस्कर बयजाच होती.

"आजे, तू नुसता पाय ठेव आन बोल," गावचा कारभारी तिला म्हणाला. "मग बघ. तुला मनाला यील तिथं जमीन. पडवीत ऱ्हायाचं संपलं."

बयजालाही ते हवं होतं. खोटं कशाला सांगा, तिला फार हवं होतं. सहा वर्षं तिनं देवळाच्या पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी काढली होती. दसऱ्याच्या सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि गावाबरोबर निघाली. वाळूवरून चालत सगळे घागरीत आले. पाय नव्या नदीच्या काठावर ठेवायचा होता, पण त्याआधी सगळी जमीन बुडापासून बघत यायचं ठरलं होतं, आणि बुडाला केरबाचं खोपट होतं.

पलीकडे मळेगाव उभं होतं. पाटलांच्या हातात नेहमीचा कासरा होता. ज्या गावाची जमीन वाढली त्यानं मोजायचं, असा रिवाज होता. म्हणून त्यांनी कासरा गुंडाळून होडीवाल्याकडे दिला आणि पाण्याकडे बघत राहिले. होडीवाल्यानं तो आणून बयजेच्या हातात ठेवला.

कासरा खांद्यावर टाकून बयजा खोपटापाशी आली आणि थांबली.

केरबा खोपटाच्या कुडाच्या भिंती सोडवत होता. गाठोडी बांधून झाली होती. शपथेप्रमाणे आता ही जागा दुसऱ्या गावाची होणार होती, म्हणून कुणी सांगायच्या आधीच ती दोघं निघाली होती. हौसाच्या कडेवर पोरगी होती, पोरीच्या डोक्यावर बयजानं शिवलेली कुंची होती. आणि हौसाच्या डोक्यावर एक पाटी होती. पाटीत चुलीचे तीन दगड होते.

हौसानं बयजाला पाहिलं. इतक्या वर्षांच्या देण्याघेण्यानंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या.

"आजी, शेवगा राखलाय बरं का," हौसा म्हणाली. "औंदाच्या पुरात बी गेला न्हाई. आता तुमचा तुमाला."

 बयजानं मान वर केली. आणि समोर मळेगावच्या देवळाचा कळस तिला डोंगराच्या खिंडीत दिसला. बरोबर मधोमध. तिनं उजवीकडे पाहिलं. माळावरचे दोन खडक एकामागं एक येऊन एक झाले होते.

ती दोन पावलं मागं सरकली. कळस खिंडीतून बाजूला गेला. दोन पावलं पुढे आली. कळस परत बसला. ती पुन्हा मागं, पुन्हा पुढे करायला लागली, तशी हौसा पाटी सांभाळत पुढे आली आणि तिला धरलं.

"काय झालं, आजी?"

"पोरी, तुझी चूल कुठं हुती?"

"ही काय, इथंच. तुमच्या पायापाशी राख हाय की."

बयजा खाली बसली. राखेवर तिनं हात ठेवला. राख अजून कोमट होती. चाळीस वर्षांत नदी तिच्या घरावरून गेली होती, पुढे सरकली होती आणि मागं माती टाकत टाकत तिनं तीच जागा पुन्हा वर आणली होती. बयजाचं पहिलं घर इथंच होतं. चूलही इथंच, हातभर इकडे की हातभर तिकडे.

तिनं हे लोकांना सांगितलं. कारभाऱ्याला तर हर्षच झाला.

"मग तर काय बोलायलाच नको. आजे, ही जागा तुझीच हुती आन तुझीच झाली. ऊठ, पाण्यापाशी चल आन बोलून टाक. ही दोघं जात्यात ती जाऊ द्या."

बयजा उठली नाही.

"माझी चूल गेली म्हणून मी जल्मभर रडले," ती म्हणाली. "आन ही पोरगी त्याच जागी जाळ घालत हुती. चूल तर पेटलेलीच ऱ्हायली की रे माझी. ती ईझवून मी काय मिळवू?"

"आजे, पर आपलं गेलंय त्याचं काय? चाळीस वर्सं आपण शीव म्हणत आलो," कारभारी म्हणाला.  त्याच्याही बापाचं शेत गेलं होतं.

"म्हणत आलो, पर घरी जाऊन काय बोलायचो? नदीनं दिलं म्हणून माणसानं सगळंच घ्यावं का, हेच बोलायचो न्हवं? मग आज आपल्याला दिलं तर तेच तोंड फिरवायचं?" ती हौसाच्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट करून म्हणाली, "ते दगड मी तीनदा डोक्यावर घेतल्यात. त्याचं वझं काय असतं ते मला ठावं हाय. मी ते कुणाच्या डोक्यावर द्यायची न्हाई. पोरी, पाटी खाली ठेव."

हौसानं केरबाकडे पाहिलं. केरबानं पुढे होऊन पाटी उतरवली.

मग बयजा नव्या नदीच्या काठावर गेली.  पण तिनं पाय पुढे टाकला नाही. ओल्या मातीच्या अलीकडेच ती उभी राहिली आणि पलीकडे ऐकू जाईल असं बोलली.

"पाटील, मी ते बोलायची न्हाई. नदी आपल्या वाटंनं चालती, तिला आपली शीव ठावं नसती. आपण आपली कामं तिच्यावर ढकलली. माझ्या पहिल्या घराचा उंबरा कुठं हुता ते मला सापडलंय. मी आले तवा त्याच्या पुढं तेरा कासऱ्यांवर नदी हुती. तिथंवर दरडवाडी हुती. तेवढं ज्यांचं गेलं त्यांना माघारी जाऊ द्या. त्याच्या पुढं तुमच्या आज्यापणज्यांनी कसलेली जमीन हाय, ती तुमची तुमाला. होडीनं या, कसा आन जावा. कुणी अडवायचं न्हाई. आन हे खोपट आमच्या वाट्यात येतंय, पर ते जिथं हाय तिथंच ऱ्हाईल."

 मग पाटील स्वतः होडीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते शिलंगणाला नदी ओलांडून येत होते. काठावर उतरून ते बयजेसमोर उभे राहिले.

"बयजाबाई, सहा सालामागं तुम्ही एक पट्टी मागितली हुती."

"व्हय."

"मी दिली न्हाई."

"न्हाई दिली."

 पाटलांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी उगाच नदीकडे तोंड केलं. बयजानं आपट्याची दोन पानं त्यांच्या हातात ठेवली.

"असू द्या. शेवग्याच्या पाल्याची भाजी करती हौसा. भाकरी खाऊन जावा."

त्याच दुपारी तेरा कासरे मोजून झाले. पाटलांनी कासऱ्याचं एक टोक धरलं, कारभाऱ्यानं दुसरं. कारभारी आधी घुश्शात होता, पण आपल्या बापाच्या शेताची माती पायाखाली आली तेव्हा तो खाली बसला आणि हातानं ती माती चाळत राहिला.

रिवाजही बदलला. पुढच्या दसऱ्यापासून दोन्ही गावं मिळून आधी जिथं काठ खचला तिथं कासरा टाकायची, मग तो गळा असो की खडकाळ माळ. ज्याचं गेलं त्याला जिथं वाढलं त्यातून वाटा मिळायचा. खचत्या काठावर दगड रचायचे, वाळ्याचं गवत लावायचं. नदी काही सरळ झाली नाही, तिनं खाली नवं वळण घ्यायला सुरुवात केलीच. पण आता ते वळण कुणाच्या घराशी पोचायच्या आत माणसं तिथं पोचलेली असायची.

जुन्या वळणातलं तळंही तसंच राहिलं. त्यात कमळं आली, पाणकोंबड्या आल्या. दोन्ही गावांच्या म्हशी तिथं डुंबायला लागल्या. दरसाल थोडा गाळ बसतो आणि तळं थोडं उथळ होतं. कधीतरी ते भरून जाईल आणि इथं नदी होती हे सांगायला फक्त जमिनीतला एक वाकडा खोलगट पट्टा राहील.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. त्या शिलंगणाच्या दुसऱ्या दिवशी हौसा देवळाच्या पडवीत गेली. बयजाचं सामान म्हणजे एक गाठोडं, ते केरबानं उचललं. बयजा आपल्या पाटीशी वाकली, तशी हौसानं तिचा हात धरला.

"आजी, ह्या खेपंला मी घेती."

तिनं बयजाचे ते तीन काळे दगड डोक्यावर घेतले आणि वाळूवरून चालायला लागली. बयजा पोरीचं बोट धरून मागून निघाली. तीन वेळा ते दगड पाण्याला भिऊन मागं सरकले होते. चौथ्या वेळी ते घरी चालले होते.

तात्पर्य: आपल्याकडे काय आलं हे मोजाल, तर कुणाकडून गेलं तेही त्याच दोरीनं मोजा, आणि कधी दिवस आपले आले, तर जे ओझं आपल्या डोक्याला रुतलं होतं ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका.